दोन तारकांचं चित्र

चित्राच्या तळाशी एक राखाडी पट्टी आहे. पट्टीच्या डाव्या टोकाला ‘देवआयटी’ अशी खूण, मग इंग्रजी यू हे अक्षर आणि त्यापुढे दोन तारका. इमॅक्स हा एडिटर रोज वापरणाऱ्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. ‘देवआयटी’ म्हणजे कळफलक आत्ता आयट्रान्स पद्धतीने देवनागरी उमटवतो आहे. यू म्हणजे मजकूर यूटीएफ-८मध्ये आहे. आणि दोन तारका म्हणजे समोरचं लिखाण बदललं आहे, पण अजून फाइलमध्ये गेलेलं नाही. मजकूर साठवला, की तारकांच्या जागी दोन आडव्या रेघा येतात. हा खेळ दिवसभर चालू असतो आणि त्याकडे मुद्दाम कुणी पाहत नाही. माझ्या एका जुन्या स्क्रीनशॉटमध्ये मात्र त्या तारका राहून गेल्या आहेत. त्यातला लेख पुढे कितीतरी वेळा साठवला गेला, संपादकांकडे गेला, छापून आला. त्या चित्रात तो अजून साठवायचाच आहे.

मला स्क्रीनशॉटची ओढ लागली ती अशा गोष्टींमुळे. एरवी मी मजकुराची माणूस. साध्या अक्षरांच्या फाइलवर माझा जीव. तिच्यात शोधता येतं, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक पाहता येतो, आणि तीस वर्षांपूर्वीची साधी फाइल आजही उघडते. अशा माणसाने लिहिण्याच्याच जागेचे फोटो काढत बसावं, हे माझ्या आसपासच्या लोकांना थोडं नवलाचं वाटतं. अक्षरं हाताशी असताना अक्षरांचं चित्र कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं एका वाक्यातलं उत्तर माझ्याजवळ नाही.

इमॅक्सचा जन्म १९७६चा, एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतला. तिथे टेको नावाचा एडिटर होता. त्याच्यावर जो तो आपापल्या सोयीच्या आज्ञांचे जुडगे रचत असे. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ते जुडगे एकत्र बांधायला घेतले आणि त्यातून हा एडिटर उभा राहिला. १९८१ साली स्टॉलमन यांचा त्याच्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. शीर्षकातच त्यांनी इमॅक्सचे तीन गुण सांगितले होते: तो वाढवता येतो, आपल्या सोयीने बदलून घेता येतो, आणि स्वतःविषयीची माहिती स्वतःच देतो. तिसरा गुण मला फार आवडतो. इमॅक्समध्ये कंट्रोल-एच दाबून के दाबा आणि मग कुठलीही कळ दाबा. ही कळ काय करते, ते काम करणाऱ्या फंक्शनचं नाव काय, ते कुठल्या फाइलमध्ये लिहिलं आहे, हे सगळं तो सांगतो. फाइलच्या नावावर जाऊन एंटर मारलं की ते फंक्शनच समोर उघडतं. वाचा, पटलं नाही तर बदला, आणि एडिटर बंद न करता बदललेलं लगेच वापरा. इतकं मोकळं दार मी दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला पाहिलेलं नाही. स्वतःबद्दल जो इतकं सांगतो, त्याने स्वतःची छबीही टिपावी, असं मनात येणं मग फार दूरचं राहत नाही.

गेली काही वर्षं तर माझा अख्खा डेस्कटॉपच इमॅक्सच्या पोटात आहे. ईएक्सडब्ल्यूएम नावाचं एक पॅकेज आहे. ते घातलं की इमॅक्स हाच विंडो मॅनेजर होतो. ब्राउझर, पीडीएफ वाचण्याचा प्रोग्राम, शब्दकोश, सगळ्या खिडक्या इमॅक्सचे बफर म्हणून नांदू लागतात. डावीकडे मी लिहिते आहे, उजवीकडे वर संदर्भाचं पान, खाली पत्रव्यवहार. अशा घरात डेस्कटॉपचा फोटो काढायला बाहेर कुठे जायचं? आज्ञा इथूनच द्यायची.

ती आज्ञा म्हणजे लिस्प या भाषेतल्या चारपाच ओळी. आत्ताची तारीख आणि वेळ घेऊन फाइलचं नाव तयार कर. स्क्रोट नावाच्या छोट्या प्रोग्रामला हाक मार. चित्र ठरल्या फोल्डरमध्ये ठेव. मी ज्या टिपणात आहे, तिथे त्या चित्राचा दुवा लिही. फंक्शन लिहून झालं, प्रिंट स्क्रीनच्या कळीला बांधलं आणि ते चालायला लागलं, तेव्हा फार बरं वाटलं. लिहिता लिहिता हात न उचलता त्या घडीची नोंद होत होती.

पण आतून फोटो काढण्याच्या काही खोड्या आहेत, आणि त्या मला मूळ सोयीपेक्षाही मोलाच्या वाटतात. कळ न वापरता आज्ञेचं नाव टाइप करून एंटर मारलं, तर निघालेल्या चित्रात तळाच्या ओळीत ते नाव तसंच दिसतं. कारण असं, की हातातली आज्ञा पुरी होऊन इमॅक्स पुढच्या कळीची वाट पाहायला लागेपर्यंत तो पडदा नव्याने रंगवत नाही. आज्ञा पाळायला तो निघालेला असतो, पडद्यावर मात्र अजून आज्ञेचे शब्द असतात. आपण टिपतो ती ही मधली अवस्था. उपाय सोपा आहे: फंक्शनच्या सुरुवातीला पडदा पुन्हा रंगवायला सांगायचं, मग स्क्रोटला हाक मारायची. तळाची ओळ स्वच्छ होते. तो उपाय मी केला, आणि काही दिवसांनी काढूनही टाकला. लग्नाच्या अल्बममध्ये एक काका कुठेच दिसत नाहीत, कारण सगळे फोटो त्यांनीच काढलेले असतात. इथे फोटो काढणारा चौकटीत आला होता, हातात कॅमेरा घेऊन, आणि त्याला बाहेर घालवायला माझं मन घेईना.

दुसरी खोडी वाट पाहण्याची. इमॅक्सकडून बाहेरचा प्रोग्राम दोन रीतींनी चालवता येतो: तो संपेपर्यंत थांबून, किंवा त्याला सोडून देऊन आपल्या कामाला लागून. आता समजा, टिपायचा भाग माऊसने निवडता यावा म्हणून स्क्रीनशॉटचं साधन स्वतःची खिडकी उघडू पाहतं. खिडकी मांडून देण्याचं काम विंडो मॅनेजरचं, आणि माझ्याकडे विंडो मॅनेजर इमॅक्सच. त्याला थांबायला सांगितलं असेल तर तो साधनाची वाट पाहतो, साधन त्याची वाट पाहतं. पडदा निश्चल. घड्याळाचे आकडेसुद्धा थांबलेले. म्हणून हे काम नेहमी सोडून देण्याच्या रीतीनेच करायचं. ही अडचण विंडो मॅनेजर वेगळा असणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. ज्याचा फोटो काढायचा आणि ज्याला काढायला सांगायचा ते दोन्ही एकच असले, की असे पेच पडतात.

स्क्रोटहून जुनं साधन म्हणजे एक्सडब्ल्यूडी. एक्स ही खिडक्यांची व्यवस्था १९८४ साली एमआयटीतच सुरू झाली. तिच्या अकराव्या आवृत्तीवर, १९८७च्या, आजही असंख्य संगणक चालतात. हे साधन त्याच घराण्यातलं. आज्ञा दिली की माऊसचा बाण अधिकचिन्हासारखा होतो, आपण हव्या त्या खिडकीवर क्लिक करायचं. टिपायला सुरुवात होताना संगणकाची घंटा एकदा वाजते, टिपून झालं की दोनदा. त्या काळी मोठी खिडकी टिपायला जाणवण्याइतका वेळ लागत असणार. माणसाला कळावं, की आता सुरू झालं, आता संपलं, म्हणून ही व्यवस्था. आजच्या यंत्रावर तिन्ही घंटा जवळजवळ एकमेकींत मिसळतात. तरी कुणीतरी हा विचार केला होता, हे मला लोभस वाटतं. टिपणं हा एक प्रसंग होता, त्याला सुरुवात आणि शेवट होता.

स्क्रोट काय, एक्सडब्ल्यूडी काय, ही साधनं पडद्याकडे बाहेरून पाहतात. एक्सच्या सर्व्हरला विचारतात, की या चौकटीत आत्ता कोणते रंग आहेत, आणि मिळालेले ठिपके लिहून ठेवतात. इमॅक्सजवळ दुसरीही वाट आहे. केयरो या चित्रांकनाच्या लायब्ररीसह तो बांधलेला असेल, तर त्याला त्याची स्वतःची चौकट नव्याने काढून मागता येते: पीएनजीमध्ये, पीडीएफमध्ये किंवा एसव्हीजीमध्ये. यात पडद्याला कुणी काही विचारत नाही. इमॅक्स आपल्या मनात जे आहे ते पुन्हा एकदा कागदावर काढतो. एसव्हीजी घेतली तर अक्षरं ठिपक्यांची नसतात, रेषांची असतात. कितीही मोठी करा, ‘क्ष’ची गाठ फाटत नाही. पण या चित्रात शेजारचा ब्राउझर येत नाही. वर खिडकीची शीर्षकपट्टी असेल तर तीही येत नाही, कारण ती इमॅक्सने काढलेली नसते. जेवढं त्याने काढलं तेवढंच त्याला पुन्हा काढता येतं. एक असा फोटो, जो दुसऱ्याने काढलेला आहे, आणि एक असं चित्र, जे स्वतःचं स्वतः काढलेलं आहे. दोन्ही खरी. मी दोन्ही ठेवते, पण सुबक असूनही दुसऱ्यात मला काहीतरी कमी वाटतं. त्यात शेजार नाही.

देवनागरीत लिहिणाऱ्याला मजकूर आणि त्याचं चित्र यांतला फरक फार जवळून भोगावा लागला आहे. इमॅक्समध्ये अनेक लिप्यांची सोय आली ती जपानमधून. केनिची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्यूल हे काम १९९७ साली इमॅक्सच्या विसाव्या आवृत्तीत मिसळलं गेलं, आणि देवनागरी जुळवण्याचा सुरुवातीचा बराच कोडही जपानी प्रोग्रामरांच्या हातचा. मराठी माणसाने त्यांचे आभार मानायला हवेत. मी तरी मनोमन मानते. पण जोडाक्षरं आणि वेलांट्या अनेक वर्षं कधी जुळायची, कधी नाही. ‘किती’ लिहावं तर पहिली वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन एका ठिपक्यांच्या वर्तुळावर बसायची. ‘तऱ्हा’मधला अर्धा र सरळ उभा राहायचा, खाली नुक्ता, पायाशी हलन्त. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक जो आपण डोळ्यांनी जपतो, तोच नेमका कोलमडायचा.

हे कुणाला सांगायचं तर कसं? मोडलेली ओळ कॉपी करून पत्रात चिकटवली, तर पलीकडच्या माणसाच्या संगणकावर ती अगदी नीट दिसणार. कारण मजकुरात काही बिघडलेलंच नाही. साठवलेली अक्षरं क्रमाने बरोबर आहेत. बिघाड आहे तो काढण्यात. लिखाण अचूक आणि चित्र चुकलेलं, अशा वेळी लिखाण साक्ष देऊ शकत नाही. साक्ष फक्त स्क्रीनशॉट देतो. मराठीत संगणकावर लिहिणाऱ्या माझ्या पिढीच्या कुणाच्याही जुन्या पत्रांत पाहा, अशा मोडक्या ओळींची चित्रं सापडतील: हे बघा, आमच्याकडे असं दिसतं. ज्यांची लिपी पहिल्यापासून सरळ उमटली, त्यांना स्क्रीनशॉट ही हौस वाटू शकते. आमच्यासाठी ती तक्रार नोंदवण्याची एकमेव रीत होती.

२०२०मध्ये इमॅक्सची सत्ताविसावी आवृत्ती आली आणि अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ या लायब्ररीकडे गेलं. तेव्हापासून ‘तऱ्हा’ तऱ्हेवाईक दिसलेली नाही. त्यानंतरचा काही काळ मी नीट दिसणाऱ्या ओळींचेही स्क्रीनशॉट घेत होते. कशासाठी, असं विचाराल तर त्यात सिद्ध करायचं काही नव्हतं. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ एकाखाली एक, दोन्ही सुरेख, दोन्ही आपापल्या जागी. ते पाहून आनंद व्हायचा आणि आनंदाचीही नोंद करावीशी वाटायची.

अजून एक फरक आहे, जो केवळ चित्रातच राहतो. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श युनिकोडमध्ये वेगळे नाहीत. हिंदी वळणाच्या ल-शचा जो संकेतांक, तोच यांचा. कोणता आकार दिसायचा ते फॉन्ट ठरवतो, आणि तेही मजकूर मराठी आहे हे फॉन्टला कळलं तर. म्हणजे मी ‘लाल शाल’ लिहिलं आणि फाइल तुमच्याकडे पाठवली, तर शब्द पोचतील, पण माझ्या डोळ्यांसमोर होता तो ल पोचेलच असं नाही. लहानपणी पाटीवर गिरवलेल्या त्या दोन पाकळ्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेल्या नसतात. त्या दाखवायच्या तर चित्रच दाखवावं लागतं.

आणि गंमत अशी, की प्रिंट स्क्रीन ही कळ मुळात चित्राची नव्हतीच. १९८१च्या आयबीएम पीसीवर शिफ्ट धरून ती दाबली, की पडद्यावरची अक्षरं थेट प्रिंटरकडे जायची. पडदा अक्षरांचाच होता, तेव्हा पडद्याची प्रत म्हणजे अक्षरांची प्रत. डॉट मॅट्रिक्सची सुई कागदावर करकरत ओळी उमटवायची. देवनागरीला त्या पडद्यावर जागा नव्हती. ती मिळाली आयआयटी कानपूर आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमधून आलेल्या जिस्ट कार्डामुळे, संगणकात वेगळं कार्ड खोचून. आमच्या लिपीला अक्षर म्हणून पडद्यावर यायलाही आधी यंत्रात काहीतरी खोचावं लागलं. कळ तीच आहे. काम मात्र उलटं झालं. पूर्वी ती पडद्यातून मजकूर बाहेर काढायची, आता मजकुरावर पडदा टाकते.

कारण चित्र झालं की अक्षरं मुकी होतात, हेही खरंच आहे. फोल्डरमध्ये शोध घेतला तर मजकुराच्या फाइली ओ देतात, चित्रं गप्प बसतात. नावात फक्त तारीख आणि वेळ. टेसेरॅक्टसारखा प्रोग्राम चित्रातली मराठी अक्षरं ओळखू शकतो, आणि छपाई स्वच्छ असेल तर बऱ्यापैकी ओळखतो. पण स्वतःच टाइप केलेला मजकूर ठिपक्यांमध्ये विरघळवून पुन्हा यंत्राकडून वाचून घ्यायचा, हे मला पटत नाही. त्यापेक्षा सोपी वाट हाताशी आहे. टिपण्याच्या क्षणी खिडकीत वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत काय दिसत होतं, हे इमॅक्सला नेमकं ठाऊक असतं. खिडकी मजकुराच्या कुठल्या जागेपासून सुरू होते आणि कुठे संपते, हे सांगणारी दोन फंक्शन्स त्याच्यात आहेत. तेवढा तुकडा चित्राच्याच नावाने साध्या फाइलमध्ये ठेवायचा. हे मी आता करते. चित्राशेजारी त्याचा मजकूर. एकात शोधायचं, दुसऱ्यात पाहायचं.

टिपणांसाठी मी ऑर्ग-मोड वापरते. ते कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःच्या नोंदींसाठी सुरू केलं. त्यात चित्राचा दुवा लिहिला, की एका आज्ञेने तिथेच, ओळींच्या मध्ये, चित्र उघडतं. म्हणजे काय होतं पाहा. लिहिण्याच्या खिडकीचं चित्र लिहिण्याच्या खिडकीत येऊन बसतं. त्याच्यासह पुन्हा टिपलं, तर नव्या चित्रात जुनं चित्र, त्यात आणखी लहान राखाडी पट्टी. तिसऱ्या-चौथ्या थराला अक्षरं वाचता येत नाहीत, फक्त ओळींची लांबी कळते: इथे परिच्छेद, इथे मोकळी जागा, इथे पुन्हा परिच्छेद. मजकूर नाहीसा झाल्यावरही पानाची चण तेवढी उरते. मी अशा चित्रांकडे बराच वेळ बघत राहते. आपण लिहितो तेव्हा परिच्छेद कसे श्वास घेतात, हे वाचताना इतकं स्पष्ट दिसत नाही.

त्या तारकांच्या चित्राकडे येते. ते मी घेतलं होतं ‘तऱ्हा’ची मोड दाखवायला. मधल्या खिडकीत ती मोडकी ओळ, तिच्याभोवती लाल चौकट नंतर काढलेली. तक्रार कधीच मिटली. पण चित्राच्या डाव्या बाजूला, चौकटीच्या बाहेर, मी तेव्हा लिहीत असलेल्या लेखाची पहिली सहासात वाक्यं आहेत. छापलेल्या लेखात यातलं एकही वाक्य नाही. मी फाइलमध्ये बदल करत गेले, साठवत गेले. इमॅक्स पूर्ववत करण्याच्या पायऱ्या लक्षात ठेवतो, पण बफर बंद केला की त्याही जातात. आवृत्त्या जपण्याची सवय मला तेव्हा लेखांसाठी नव्हती. तर ती वाक्यं जगात फक्त या चित्रात आहेत, आणि तीही योगायोगाने, दुसऱ्याच कशाच्या तरी बाजूला. शेवटचं वाक्य अर्धं आहे. कर्सर ‘म्हणजे’ या शब्दानंतर उभा आहे. पुढे काय येणार होतं, ते मला आठवत नाही. उजवीकडे शब्दकोश उघडा आहे, त्यात मी ‘ओसरी’ हा शब्द शोधलेला आहे. लेखात ओसरी कुठेच नाही.

हाताने लिहिणाऱ्यांच्या कागदावर खाडाखोड राहते. काट मारलेला शब्द वाचता येतो, समासातला बाण कुठून कुठे नेला ते दिसतं. आमच्या फाइलमध्ये प्रत्येक वाक्य असं दिसतं, जणू ते पहिल्यापासून तसंच होतं. आवृत्त्या जपणाऱ्या प्रणाली मजकुरातले बदल ठेवतात, आणि त्या मी आता वापरतेही. पण शेजारी ‘ओसरी’ उघडी होती, हे त्या ठेवत नाहीत. मी काय वाचत लिहीत होते, कशाकडे बघून हा शब्द सुचला किंवा वगळला, किती वाजले होते, काय साठवायचं राहिलं होतं. लिहिण्याच्या या परिसराला फाइलमध्ये स्थान नाही. डेस्कटॉपच्या चित्रात तो सगळा येतो, न बोलावता येतो, आणि म्हणून मला खरा वाटतो. मुद्दाम मांडलेल्या टेबलाचा फोटो मला नको आहे.

आता ही व्यवस्था बदलते आहे. एक्सच्या जागी वेलँड येत आहे. क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ साली ते काम सुरू केलं. एक्समध्ये कुठलाही प्रोग्राम संपूर्ण पडदा पाहू शकतो, त्याला कुणी अडवत नाही. माझ्या चारपाच ओळी इतक्या सहज चालतात त्या या मोकळीकीवर. वेलँडमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी दिसत नाही. पडदा टिपायचा तर खिडक्या मांडणाऱ्या मुख्य प्रोग्रामने ती सोय द्यावी लागते, आणि अनेक ठिकाणी आधी वापरणाऱ्याला विचारलं जातं: याला पडदा दाखवायचा का? माझी सोय यात जाणार आहे. ईएक्सडब्ल्यूएम एक्ससाठीच लिहिलेलं आहे, ते जसंच्या तसं तिकडे नेता येणार नाही. तरी विचारणं मला योग्यच वाटतं. पासवर्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, बँकेचे आकडे, काय काय पडद्यावर असतं, आणि कुठल्याही प्रोग्रामला ते न विचारता पाहता यावं, हे इतकी वर्षं आपण कसं चालवून घेतलं, याचंच नवल वाटावं.

पण विचारलं जातं ते मला. माझ्या पडद्यावर उजवीकडे खाली पत्रव्यवहार उघडा असतो, आणि त्यातली वाक्यं माझी नसतात. मैत्रिणीने तिच्या आईच्या आजारपणाबद्दल लिहिलेलं असतं, कुणा नवोदिताने पहिली कविता पाठवून भीत भीत मत विचारलेलं असतं. मी माझी अर्धी राहिलेली ओळ टिपते, तेव्हा त्यांचंही लिहिणं टिपलं जातं, आणि त्यांना कुणी विचारत नाही. इमॅक्सला माहीत असतं की कुठल्या खिडकीत पत्र आहे. टिपण्याआधी तिथे रिकामा बफर लावायचा आणि टिपून झाल्यावर पत्र परत आणायचं, एवढं त्याला सांगणं अवघड नाही. तशा ओळी मी लिहिल्या आहेत आणि त्या नीट चालतात. पत्राच्या जागी कोरी खिडकी येते. मात्र ते चित्र मग त्या संध्याकाळचं राहत नाही, कारण त्या संध्याकाळी मी ते पत्र वाचत होते आणि वाक्य तिथे थांबलं होतं ते बहुधा त्यामुळेच. सध्या त्या ओळी फाइलमध्ये आहेत, सुरुवातीला अर्धविराम टाकून निष्क्रिय केलेल्या. काही दिवस मी तो अर्धविराम काढते, काही दिवस पुन्हा घालते.